टोमॅटो कधी लावू? ह्यूस्टनच्या बागेचा उलटा हिशोब

"काकू, दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीहून ह्यूस्टनजवळच्या केटीला आलो. तिकडे मदर्स डे झाला की रोपं जमिनीत, हा ठरलेला नेम होता, आणि शेजारीपाजारी वाटून उरतील इतके टोमॅटो यायचे. इथे पहिल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी लावले. झाडं माझ्या खांद्याला लागली, फुलं लगडली, पण टोमॅटो मोजून पाच. म्हणून यंदा घाई केली. जानेवारीत टी-शर्टवर फिरत होतो, तेव्हा २८ तारखेला बारा रोपं लावून टाकली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्रीत सगळी उकडलेल्या पालकासारखी झाली. कुंडीतून जमिनीत हलवलेला कढीपत्ताही वाळला. अ‍ॅप म्हणतं शेवटची फ्रॉस्ट डेट १० फेब्रुवारी, नर्सरीवाला म्हणतो १ मार्च, शेजारचे टेक्सन आजोबा म्हणतात पिकॅनला पालवी फुटेपर्यंत थांब. सॅक्रामेंटोची मैत्रीण म्हणते, आपला झोन एकच आहे, मी तर एप्रिलअखेर लावते आणि ऑक्टोबरपर्यंत खाते. खरी तारीख कोणती? शिवाय एप्रिलमध्ये सासूबाई कोल्हापूरहून येतायत. मेथी, गवार, वाल, दोडका यांचं बी आणू का, असं विचारतात. — पाच टोमॅटोंची मालकीण, केटी"

अगं, बारा रोपं एका रात्रीत जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्यामुळे आधी कामाचं बोलते, हळहळ नंतर. तू हे वाचशील तेव्हा मार्चचा पहिला आठवडा असेल. आता बिया पेरत बसू नकोस. नर्सरीतून तयार रोपं आण, सहाच आण, आणि या शनिवार-रविवारी जमिनीत लाव. बुटकी, जाड खोडाची, फुलं न आलेली निवड. उंच आणि फुलावर आलेलं रोप दिसायला छान दिसतं, पण ते कुंडीत कोंडलेलं असतं. लावताना खालची पानं खुडून निम्मं खोड मातीत जाऊ दे, टोमॅटोला मातीखालच्या खोडावर मुळं फुटतात. पुढचे दोन आठवडे एक जुनी चादर मागच्या दाराशी घडी घालून ठेव. झालं, आता निवांत बसून पुढचं वाच.

तुला तारीख सांगणाऱ्यांपैकी कुणीच खोटं बोललेलं नाही. शेवटची फ्रॉस्ट डेट म्हणजे त्या दिवशी थंडी संपते, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ती सरासरी असते. हवामान खात्याकडे तीस वर्षांच्या नोंदी असतात, सध्या वापरात आहेत त्या १९९१ ते २०२० च्या. त्यातल्या साधारण निम्म्या वर्षी पाऱ्याने ३२ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्य सेल्सिअस, शेवटचं गाठलं ते त्या तारखेच्या आधी, आणि निम्म्या वर्षी नंतर. अ‍ॅपने दिलेल्या दिवशी रोप लावणं म्हणजे छापा-काटा. तू तर नाणं उडवायच्याही आधी पैसे लावून मोकळी झालीस.

त्यात ही तारीख कुठल्या ठिकाणची, हेही अ‍ॅप धड सांगत नाही. ह्यूस्टनचा हॉबी विमानतळ शहरात आहे, भोवती डांबर आणि काँक्रीट, पलीकडे खाडी. गॅल्व्हेस्टनला तर समुद्रच पांघरूण घालतो, काही हिवाळ्यांत तिथे पारा शून्याला पोचतही नाही. केटी पडली मोकळ्या माळावर. वारा पडलेल्या निरभ्र रात्री तिथली जमीन शहरापेक्षा चांगलीच गार होते. म्हणून तुझ्यासाठी १० फेब्रुवारी ही लवकरची तारीख, नर्सरीवाल्याची १ मार्च जास्त शहाणपणाची. दहा वर्षांतून एखाद्या वर्षी मार्चमध्येही दगा होतो, आणि मागच्या दारातली चादर त्याच्यासाठीच.

झोनचा मुद्दा इथेच निकालात काढते, कारण त्याने मलाही पहिली दोन वर्षं फसवलं. अमेरिकी कृषी खात्याचा तो रंगीत नकाशा फक्त एक गोष्ट सांगतो: वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते. झोन ९ म्हणजे ती रात्र २० ते ३० अंश फॅरनहाइटची. बस्स. थंडी कधी संपते हे त्यात नाही, उन्हाळा कसा आहे हे तर अजिबातच नाही. संत्र्याचं झाड तगेल का, हे विचारायला नकाशा ठीक आहे. पण टोमॅटो बिचारा एका हंगामाचा पाहुणा, त्याला वर्षातल्या सर्वात थंड रात्रीशी देणंघेणं नाही. सॅक्रामेंटोत दिवसा आपल्याइतकंच तापतं, पण संध्याकाळी खाडीकडून गार वारा येतो आणि जुलैतही रात्रीचा पारा ६० च्या आसपास उतरतो. आपल्याकडे जुलैच्या रात्री ७५ च्या खाली उतरायला तयार नसतात, आणि हवा ओल्या टॉवेलसारखी. तुझ्या मैत्रिणीचे टोमॅटो ऑक्टोबरपर्यंत चालतात ते तिच्या रात्रींमुळे.

आता पाच टोमॅटोंची गोष्ट. त्या वर्षी तुझ्या झाडाखाली पिवळी फुलं पडलेली पाहिली होतीस का? नसशील तर यंदा मेअखेर मुद्दाम बघ. फुलाचा देठ निरखून पाहिलास तर मध्यावर एक बारीक गाठ दिसते, करंगळीच्या पेरासारखी. फळ धरलं नाही की त्या गाठीपासून पुढचा भाग पिवळा पडतो, फूल मान टाकतं, आणि बोट लागताच गाठीवरच मोडून हातात येतं. अगदी स्वच्छ तुटतं, जणू कात्रीने कापलेलं. कीड नाही, रोग नाही, खत कमी पडलेलं नाही. रात्री ७५ अंशांच्या म्हणजे २४ सेल्सिअसच्या वर राहू लागल्या आणि दिवस नव्वदीत गेले की टोमॅटोचा पराग निकामी होतो. त्यातून आपली दमट हवा. परागाला सुटं, कोरडं राहावं लागतं, तो इथे चिकटून बसतो. झाड हिरवंगार वाढत राहतं, कारण पानांना उकाडा चालतो. आणि आपण समजतो, खत कमी पडतंय. मी त्या नादात एका उन्हाळ्यात इतकं शेणखत घातलं की झाडं कुंपणावरून शेजारी डोकावू लागली. फळ शून्य.

म्हणून आपल्याकडे हिशोब उलटा करायचा. न्यू जर्सीत थंडी संपण्याची तारीख पाहून पुढे मोजत जातात, कारण पुढे मोकळं रान असतं. इथे पुढे भिंत आहे. आपल्या रात्री मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला पंचाहत्तरी गाठतात. म्हणजे फळधारणा एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत उरकायला हवी. रोप लावल्यापासून भरपूर फुलं यायला चार-पाच आठवडे. तर रोप जमिनीत हवं ते फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. आणि सहा ते आठ आठवड्यांचं रोप हवं असेल तर बी घरात पेरायचं नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत. मी तिळगुळाच्या दिवशी खिडकीतल्या ट्रेमध्ये दोन पानं फुटलेली बघते, तेव्हा जीव भांड्यात पडतो. तुझ्या पहिल्या वर्षाच्या रोपांना एप्रिलअखेर जमिनीत जाऊन फुलायला जून उजाडला. पाच आले हेच नवल.

याच कारणासाठी जातही लवकर येणारी निवड. पाकिटावर किंवा कुंडीच्या चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतात. ते रोप लावल्यापासून मोजायचे. साठ ते सत्तर दिवसांच्या आतलं घे. अर्ली गर्ल, सेलेब्रिटी चालतात. सनगोल्ड किंवा ज्युलिएटसारखे छोटे टोमॅटो उकाड्यातही थोडंफार धरत राहतात, मोठे गरगरीत जुने वाण मात्र नव्वद दिवस मागतात आणि आपल्या हातावर तुरी देतात. मोह आवर. आणि एप्रिलमध्ये सकाळी दहा-साडेदहाला, दव वाळल्यावर, फुलांच्या घोसाला टिचकी मारत जा. पराग खाली पडायला तेवढी मदत पुरते.

पुढच्या वर्षी जानेवारीत पुन्हा टी-शर्टचं ऊन पडेल आणि तुझे हात शिवशिवतील, हे मी आत्ताच लिहून देते. तेव्हा रोपं घेऊन ये, पण जमिनीत लावू नकोस. एक गॅलनच्या कुंड्यांत लाव. दिवसा उन्हात ठेवायच्या, रात्री पारा ४५ च्या खाली जाणार असेल तर गॅरेजमध्ये. त्यांची मुळं वाढत राहतात, वेळ फुकट जात नाही. मग फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढच्या दहा दिवसांचा अंदाज बघून निम्मी जमिनीत आणि निम्मी कुंडीतच. उरलेली १० मार्चच्या आत. पहिली वाचली तर पंधरा दिवस आधी टोमॅटो, गेली तर दुसरी तयार. तुझी चूक घाईची नव्हती, बाराच्या बारा एकाच डावात लावण्याची होती. मातीत बोट घालूनही बघ, किंवा स्वयंपाकघरातला थर्मामीटर सकाळी चार इंच खोल खुपस. ६० अंश दाखवत असेल तर टोमॅटो खूश. मिरची-वांग्याला ६५ लागतात, ती मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाव. वांगं हे इथलं सोनं आहे बरं का. टोमॅटो जूनमध्ये हात टेकतो, वांगं उन्हाळा काढतं, ऑगस्टमध्ये थोडं छाटलंस की दिवाळीपर्यंत भरलं वांगं घरचं.

थंडीची रात्र ओळखायची कशी, हे मात्र सविस्तर सांगते, कारण अ‍ॅपवरचा नुसता आकडा पुरत नाही. मी सांगलीची. आपल्याकडे फ्रॉस्टला रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. दव आहे, दहिवर आहे, धुकं आहे. दव गोठलं की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा फोटो पेपरात येतो, एवढीच आपली ओळख. इथे थंडी येते ती उत्तरेकडून, भसकन. दुपारी सत्तर अंश आणि संध्याकाळी दार आपटणारा वारा. लोक त्याला नॉर्दर म्हणतात. गंमत अशी की वारा सुटतो त्या पहिल्या रात्री बऱ्याचदा निभावून जातं, कारण वारा हवा घुसळत राहतो. घात होतो दुसऱ्या रात्री. वारा पडतो, आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं आणि जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. एरवी आपली दमट हवा आपल्याला वाचवते: पारा दवबिंदूपर्यंत उतरला की दव पडू लागतं, दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि उतरण मंदावते. नॉर्दरने ती ओल झाडून नेलेली असते, त्यामुळे पारा अडवायला कुणी उरत नाही. म्हणून अंदाजात तापमानाच्या शेजारी ड्यू पॉइंट असा आकडा असतो, तो बघायची सवय लाव. रात्रीचा अंदाज ३७ आहे आणि ड्यू पॉइंट ३६, तर झोप निवांत. अंदाज ३७, ड्यू पॉइंट २५, वारा नाही, ढग नाहीत, तर चादर काढ. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर असतो. तिथे ३६-३७ असताना तुझ्या वीतभर रोपाच्या पानावर शून्य असू शकतं.

चादर घालायची ती संध्याकाळी ऊन असतानाच, जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब आत अडकायला हवी. कडा जमिनीला टेकल्या पाहिजेत, विटा ठेव. झाडाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून खाली बुंधा उघडा ठेवणारे लोक मी दरवर्षी बघते, काही उपयोग नसतो. जुनी सुती साडी उत्तम, नर्सरीत फ्रॉस्ट क्लॉथ मिळतं ते त्याहून बरं. प्लॅस्टिक पानाला टेकू द्यायचं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत, लाखो घरांची वीज गेली आणि इंटरकॉन्टिनेंटल विमानतळावर पारा १३ अंशांवर, म्हणजे उणे साडेदहा सेल्सिअसवर उतरला, तेव्हा मी घाबरून शॉवरचा पडदा लिंबाच्या झाडावर टाकला होता. जिथे जिथे तो पानाला टेकला, तिथे तिथे काळे ठसे. तसंही त्या रात्री काहीच वाचलं नसतं. तसल्या वर्षी झाडं सोडायची आणि नळाचे पाइप सांभाळायचे. २०२५ च्या जानेवारीत २१ तारखेला आपल्याकडे बर्फ पडला, तेव्हा मी टोमॅटोच्या ट्रेसकट आत बसून चहा पीत होते.

आणखी एक, आदल्या दिवशी मातीला पाणी दे. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू करतात, ते उगाच नाही. आपल्याला शेकोटी पेटवता येत नाही, सोसायटीवाले पत्र पाठवतील. पण नाताळच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांची माळ चादरीखाली सोडली तर दोन-चार अंश मिळतात. एलईडीची माळ नको, ती नुसती शोभेची. आणि सकाळी ऊन आलं की चादर काढ, नाहीतर आत भाजी शिजते.

शेजारच्या आजोबांचं पिकॅन मी मुद्दाम शेवटी ठेवलं. इथले जुने लोक पिकॅनवर आणि मेस्किटवर भरवसा ठेवतात, ती झाडं उगाच उतावीळ होत नाहीत. पण पालवी फुटते मार्च सरता सरता. टोमॅटोसाठी तोपर्यंत थांबलीस तर मागच्याच चुकीच्या जवळ जाशील. भेंडी, दुधी, दोडका, कारलं, चवळी यांच्यासाठी मात्र आजोबांचा शब्द पाळ. ही सगळी मंडळी सत्तर अंशांची माती मागतात. फेब्रुवारीत पेरलेली भेंडी एकतर कुजते किंवा दोन पानांवर रुसून बसते, आणि एप्रिलमध्ये पेरलेली तिला गाठून पुढे जाते. काही जण गुड फ्रायडेला पेरतात. तो चंद्रावर चालतो, मार्चच्या विशीपासून एप्रिलच्या विशीपलीकडे कुठेही येतो, थंडीला त्याचं काही नसतं. आता संक्रांत सांगून झाल्यावर हे मी बोलणं म्हणजे जरा अतीच, पण संक्रांत निदान जागची हलत नाही. पाडवा हलतो, तरी त्या सुमारास झाडावर फुलांचे घोस नसतील तर उशीर झालाय असं समज.

हे सगळं वसंताचं. ह्यूस्टनला दुसरा हंगाम आहे आणि खरं सांगू, मला तोच जास्त आवडतो. आपल्या रब्बीसारखा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पुन्हा टोमॅटोची रोपं लावायची, वर सावलीचं कापड, रोज पाणी. त्या उन्हात बाहेर जायचा कंटाळा येतो, पण रात्री सप्टेंबरअखेर गार होऊ लागल्या की फळ धरतं आणि थँक्सगिव्हिंगला काढणी. इथे फ्रॉस्ट डेट उलट्या बाजूने लागते: केटीत पहिली थंडी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला धर. दिवस लहान होत जातात, झाड रेंगाळतं, म्हणून पाकिटावरच्या दिवसांत दोन-तीन आठवडे मिळवायचे. फ्रीझ वॉर्निंग आली की उरलेले हिरवे टोमॅटो सगळे खुडून आण. निम्मे वर्तमानपत्रात गुंडाळ, हळूहळू पिकतात. उरलेल्यांची तीळ-शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीसाठी तरी दुसरा हंगाम करावा.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा हे सगळं ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या आसपास. सप्टेंबरची माती फार तापलेली असते, कोथिंबीर आणि पालक उगवतच नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून दर तीन आठवड्यांनी एक ओळ पेरत गेलीस तर फेब्रुवारीपर्यंत तुटवडा नाही. हलकी फ्रॉस्ट त्यांना चालते, पांढऱ्या पडलेल्या कोथिंबिरीला ऊन लागलं की ती पुन्हा उभी राहते. मार्चनंतर मात्र फुलोरा धरते, तेव्हा मागे लागू नकोस. कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत. टेक्ससच्या एका प्रसिद्ध गोड कांद्याचं नावच १०१५ आहे, कारण त्याचं बी पेरायची शिफारस केलेली तारीख १५ ऑक्टोबर. अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस. तारखेला इतका मान देणारं दुसरं पीक मला माहीत नाही.

आता सासूबाई. बी आणू नका, असं सांग, आणि कारण मला पुढे करून सांग म्हणजे वाईटपणा माझ्याकडे. पेरणीचं बी अमेरिकेत आणायला तिकडच्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, नसेल तर विमानतळावर काढून घेतात, आणि विचारल्यावर नाही म्हटलं तर दंड. कढीपत्त्याचा ताजा पाला तर अजिबात नको. गवार, दोडका, वाल, दुधी यांची पाकिटं इथल्या भारतीय किराणा दुकानांत मार्चपासून टांगलेली असतात. गवार टेक्ससला नवीही नाही, उत्तरेकडे व्हर्ननच्या आसपास शेतकरी गवारगमसाठी ती पेरत आलेत. मेथी आणि धने किराण्यातलेच पेरून बघ, धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कर. कधी उगवत नाहीत, तेव्हा दुसरं पाकीट. वालाचं मात्र सासूबाईंना आधी सांगून ठेव. एप्रिलमध्ये पेरलेला वाल मांडवभर पसरेल आणि त्यांच्या मुक्कामात एक शेंग देणार नाही. त्याला फुलायला लहान दिवस लागतात, आणि इथला जूनचा दिवस कोल्हापूरपेक्षा तासाभराच्या आसपास मोठा. तो फुलतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या असताना कौतुकाला भेंडी, गवार आणि मायाळू लाव. मायाळूची भजी ऑगस्टच्या उकाड्यातही होतात.

राहिला कढीपत्ता. वाळलेला आहे, मेलाय की नाही ते अजून कळायचंय. आत्ता कात्री लावू नकोस, वरच्या वाळक्या फांद्या अजून एखादी थंडी आली तर तिला झेलतील. बुंध्याशी पाला-भुशाचा ढीग कर आणि नखाने साल खरवड. हिरवं दिसलं तर जीव आहे. वरून खाली खरवडत ये, हिरवं लागेल तिथपर्यंत फांदी वाचली. सगळं तपकिरी असेल तरी मुळं जिवंत असू शकतात. एप्रिलअखेरपर्यंत पाणी बेताने देत राहा, बुंध्यालगत कोंब येतात. माझा शेवगा २०२१ नंतर जमिनीसपाट होऊन मेमध्ये पुन्हा उगवला. नवं रोप घ्यायची वेळ आलीच तर परवाना असलेल्या नर्सरीतूनच घे, ओळखीच्यांकडून पिल्लू आणू नकोस. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, संत्र्या-लिंबांना ग्रीनिंग रोग पसरवणारा सायला नावाचा बारीक किडा त्याच्यावर राहतो, म्हणून या झाडांच्या ने-आणीवर टेक्ससमध्ये निर्बंध आहेत. आणि यावेळी त्याला जमिनीत गाडू नकोस. मोठी कुंडी, खाली चाकं, सप्टेंबरनंतर खत बंद, पारा चाळिशीला आला की गॅरेजमध्ये ढकल. हिवाळ्यात पानं गाळेल, गाळू दे. तेवढे तीन महिने फोडणीत किराण्यातला.